दर उन्हाळ्यात एसीत गॅस का भरावा लागतो? उत्तर तांब्याच्या सांध्यात आहे

तांब्याचा पाइप स्वच्छ आणि सुबक झाळणे हे साधे वाटणारे काम आहे. पण याच कामावर एसीचा गॅस, दूध संकलन केंद्रातले दूध आणि रुग्णालयातला ऑक्सिजन अवलंबून असतो. नारायणगड परिसरातल्या तरुणांच्या हाताला ते काम देऊ शकते. अट एकच, शिकवण्याची पद्धत बदलायला हवी.

एसीतला किंवा फ्रिजमधला गॅस मोटारसायकलच्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद पाइपांतून फिरत राहतो, आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. यंत्रणा घट्ट असेल तर एकदा भरलेला गॅस वर्षानुवर्षे पुरतो. तरीही मार्च उजाडला की ‘गॅस कमी झालाय, भरून घ्या’ हे वाक्य गावोगावी ऐकू येते.

गॅस कमी झाला याचा अर्थ तो कुठून तरी गळाला. कधी फ्लेअर नट सैल असतो, कधी कॉइलला गंजून बारीक छिद्र पडलेले असते आणि अनेकदा तांब्याच्या पाइपाचा झाळलेला सांधा कच्चा असतो. सांधा न शोधता नुसता गॅस भरला तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. ग्राहक दोनदा पैसे देतो, मेकॅनिक दोनदा येतो आणि मूळ दोष जागेवरच राहतो.

या दुष्टचक्राचा दोष एकट्या मेकॅनिकच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते अर्धवट ठरेल. नीट झाळायला शिकवणारी व्यवस्था त्याच्या वाट्याला आली का, हा आधीचा प्रश्न आहे.

नारायणगडाचा याच्याशी संबंध काय?

बीड जिल्ह्यातील श्रीक्षेत्र नारायणगड ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखला जातो. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी दसऱ्याला मनोज जरांगे पाटील यांचा मेळावा येथे झाला आणि गडाचे नाव राज्याच्या राजकारणात ठळक झाले. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू काहीही असो, त्यामागचा पोटाचा प्रश्न या पंचक्रोशीत सगळ्या समाजांना सारखाच छळतो. कोरडवाहू शेती पुरत नाही, नोकरी मिळत नाही आणि दिवाळी आली की ट्रक-ट्रॅक्टर भरून कोयते कारखान्यांच्या दिशेने निघतात.

ऊसतोडीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतो. एसी-फ्रिज दुरुस्तीचा खरा हंगाम सुरू होतो तो मार्चमध्ये. म्हणजे टोळ्या गावी परततात नेमके तेव्हाच या कामाची मागणी वाढते. मराठवाड्याचा उन्हाळा कमी होण्याची चिन्हे नाहीत. बीड, गेवराई, अंबाजोगाई अशा गावांत दुकाने, दवाखाने, मंगल कार्यालये आणि घरे यांत एसी वाढत आहेत.

काम एसीपुरतेच नाही. आष्टी-पाटोदा पट्ट्यात दुधाचा धंदा आहे. संकलन केंद्रावरच्या बल्क कूलरमध्ये दूध ४ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवावे लागते. त्याचा गॅस गळाला तर नुकसान एका रात्रीत होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लशींच्या फ्रिजला २ ते ८ अंशांच्या बाहेर जाऊन चालत नाही. औषध दुकानातला इन्सुलिनचा फ्रिज, आइस्क्रीमचा डीप फ्रीझर, जीपचा एसी या साऱ्यांत गॅसची वाट म्हणजे धातूचे नळीकाम आणि त्यातले सांधे.

मोठ्या रुग्णालयांत ऑक्सिजन खाटेपर्यंत पोहोचतो तोही तांब्याच्या पाइपातून, झाळलेल्या सांध्यांमधून. करोनाच्या काळात या पाइपलाइनचे महत्त्व सगळ्यांना कळले. नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी ऑक्सिजनच्या टाकीपाशी गळती झाली, पुरवठ्याचा दाब घसरला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. ती गळती टाकीच्या ठिकाणची होती, तांब्याच्या झाळलेल्या सांध्याची नव्हे. पण वायूचा दाब घसरला की काय होते, हे त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिले.

झाळणे म्हणजे नेमके काय?

वेल्डिंगमध्ये जोडायचे दोन्ही तुकडे कडेला वितळतात आणि एकजीव होतात. झाळण्यात तांबे वितळत नाही. तांबे वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात. त्याहून खूप कमी तापमानाला वितळणारा तिसरा धातू दोन पाइपांमधल्या फटीत शिरतो, पसरतो आणि गोठतो. दोघांना धरून ठेवतो तो हा पातळ थर.

भरणीचा धातू ४५० अंशांच्या खाली वितळत असेल तर त्या कामाला सोल्डरिंग म्हणतात, वर वितळत असेल तर ब्रेझिंग. सोल्डरमध्ये मुख्य धातू कथील. ते २३२ अंशांना वितळते. एसी-फ्रिजच्या कामात वापरतात ती सळई तांबे आणि फॉस्फरसची, काहींत थोडी चांदीही असते. ती ७०० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि ८०० अंशांच्या जवळ पाण्यासारखी वाहते. बोलीत मात्र सगळ्यालाच ‘वेल्डिंग मारणे’ म्हणतात आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. सोनार टाकणखार लावून दागिन्याला डाग देतो. दारावर येणारा कल्हईवाला भांडे तापवून नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर निघायचा आणि कथील कापसाने पुसताच भांडे आतून चांदीसारखे चमकायचे. टाकणखार आणि नवसागर यांचे काम एकच, तापलेल्या धातूवरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकणे. तो थर गेल्याशिवाय भरणीचा धातू चिकटत नाही. आजच्या भाषेत यालाच फ्लक्स म्हणतात. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तयार होणारे तांब्याचे बंब आणि घंगाळी ज्या घरांत वापरली गेली, त्या घरांना झाळलेला सांधा अपरिचित नव्हता. नारायणगडाच्या जवळच्या तालुक्याचे तर नावच शिरूर कासार आहे. जुन्या आणि नव्या कामात फरक आहे तो दाबाचा. बंबातल्या पाण्याला दाब जवळपास नसतोच. एसीच्या पाइपात तो प्रचंड असतो.

परदेशी व्हिडिओ का फसवतात?

आज शिकाऊ मुलाचा पहिला गुरू मोबाइल असतो. तांब्याचा पाइप कसा जोडावा असे शोधले की इंग्लंड-अमेरिकेतल्या प्लंबरचे सुरेख व्हिडिओ समोर येतात. पेस्ट लावली, छोटा बर्नर फिरवला, तार टेकवली, चकाकती कडी तयार. पाहायला छान, पण ते काम घरातल्या पाण्याच्या नळाचे आहे. त्या देशांत घरगुती नळजोडणीला तांबे वापरण्याची जुनी पद्धत आहे. आपल्याकडे पाण्याला आधी जीआय पाइप आला, मग सीपीव्हीसी. त्यामुळे पाण्याच्या नळासाठी तांबे झाळण्याची वेळ इथे क्वचितच येते.

आपल्याकडे तांबे येते ते प्रामुख्याने शीतकरणात आणि रुग्णालयात. तिथे कथलाचे मऊ सोल्डर चालत नाही. मोटारसायकलच्या चाकात हवेचा दाब साधारण २ ते २.५ बार असतो. आर-३२ किंवा आर-४१० ए गॅसच्या एसीत भर उन्हात गरम बाजूचा दाब ३० बारच्या घरात जातो. शिवाय कॉम्प्रेसरची थरथर दिवसरात्र चालू. या ताणापुढे मऊ सोल्डरचा सांधा टिकवणे म्हणजे सुतळीने बैलगाडी ओढण्यासारखे आहे. इथे ब्रेझिंगच हवे.

आणखी एक घोळ फ्लक्सचा. तांब्याला तांबे जोडताना फॉस्फरसयुक्त सळईला वेगळा फ्लक्स लागत नाही, फॉस्फरसच ते काम करतो. तांब्याला पितळ जोडायचे असेल तर फ्लक्स लागतो. तांब्याला लोखंड जोडायचे असेल, जसे की काही कॉम्प्रेसरच्या नळ्यांना, तर फॉस्फरसची सळई वापरूच नये. सांधा ठिसूळ होतो आणि थरथरीने तडकतो. तिथे जास्त चांदीची सळई आणि फ्लक्स लागतो. एक सळई सगळीकडे चालवण्याची सवय अनेक गळत्यांची जननी आहे.

नवशिक्याचा सांधा बिघडतो कुठे?

नवशिक्याचा पहिला सांधा पाहिला की एक चित्र हमखास दिसते. बाहेर धातूचा मोठा गोळा, खाली लोंबलेले थेंब, पाइप काळाठिक्कर आणि आत मात्र फट रिकामी. हात वाईट म्हणून असे होत नाही. बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो.

पहिली चूक ज्योत पेटवण्याच्या आधीच झालेली असते. हॅक्सॉने कापलेल्या पाइपाची कड वाकडी असते, आत बूर राहतो आणि तांब्याचा भुसा पाइपात पडतो. पाइप कटर हळूहळू आवळत फिरवला तर कड सरळ येते. नंतर आतला बूर काढायचा, तोही पाइपाचे तोंड खाली धरून. मग जोडायचा भाग बाहेरून आणि दुसऱ्याचा आतून चकाकेपर्यंत घासायचा. घासल्यावर तिथे बोट लावायचे नाही, कारण बोटाचे तेल पुरते.

दुसरी चूक फटीची. भरणीचा धातू आत जातो तो ढकलल्यामुळे नव्हे, फटीच्या ओढीमुळे. दिव्याच्या वातीत तेल चढते तेच तत्त्व. ही ओढ फट अरुंद असली तरच लागते. साधारण ०.०५ ते ०.१३ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीइतकी. दोन सूत, तीन सूत, चार सूत अशा मापाच्या पाइपाला स्वेज मारताना तोंड जास्त फाकले की फट मोठी होते आणि धातू आत शिरण्याऐवजी खाली ओघळतो. ढिला सांधा जास्त सळई घालून भरून निघत नाही.

तिसरी आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे ज्योतीने सळई वितळवणे. नवशिका सळई ज्योतीत धरतो, थेंब पाडतो आणि तो थेंब थंड पाइपावर बसवतो. तो गोळा चिकटल्यासारखा दिसतो, पण जोडलेला नसतो. सळई वितळली पाहिजे ती पाइपाच्या उष्णतेने. म्हणून आधी आत जाणारा पाइप तापवायचा, मग बाहेरची बाही, आणि ज्योत सतत फिरती ठेवायची. तांबे मंद लाल दिसू लागले की सळई सांध्याच्या कडेला टेकवायची. ती लगेच वितळली आणि कडेभोवती पळाली तर तापमान बरोबर. चिकटून राहिली तर थांबायचे, तापवायचे, पुन्हा टेकवायचे. धातू उष्णतेकडे धावतो, म्हणून ज्योत बाहीच्या मुळाशी नेली की तो आत खेचला जातो.

चौथी चूक उलट्या टोकाची, म्हणजे जास्त तापवणे. पाइप भडक केशरी झाला की तांबे मऊ पडते, सळईचा धातू उकळून बारीक छिद्रे सोडतो आणि पातळ पाइपाला भोकही पडू शकते. आतल्या निळ्या सुळक्याचे टोक सगळ्यात गरम असते, ते एका जागी रोखून धरले की हे घडते. सांध्याजवळ व्हॉल्व्ह किंवा फिल्टर असेल तर त्याला ओले फडके गुंडाळायचे, नाही तर सांधा चांगला होतो आणि व्हॉल्व्ह जळतो.

पाचवी चूक घाईची. धातू गोठत असताना पाइप हलला तर आत केसासारखी चीर राहते. बाहेरून ती दिसत नाही, थरथरीने दोन-तीन महिन्यांत उघडते. लाली गेल्यावरही थोडा वेळ हात लावायचा नाही.

सुबकपणा म्हणजे नटवेपणा आहे का?

‘दिसायला कसाही असो, गळला नाही म्हणजे झाले,’ असे अनेक जुने कारागीर म्हणतात. काही सांधे कुरूप असूनही वर्षानुवर्षे टिकतात, हेही खरे. पण नवशिक्यासाठी हा सल्ला घातक आहे.

कडेभोवती सगळीकडे सारखी, बारीक, गुळगुळीत कडी दिसते तेव्हा ती तीन गोष्टी सांगते: पाइप सगळ्या बाजूंनी सारखा तापला होता, पृष्ठभाग स्वच्छ होता आणि फट बरोबर होती. एका बाजूला गोळा आणि दुसऱ्या बाजूला उघडी रेघ असेल तर मागची बाजू थंड राहिली होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या आतल्या भागाचा हा अहवाल असतो. अनुभवी माणूस गळतीची शक्यता आवाजावरून, रंगावरून ओळखतो. शिकाऊ मुलाकडे तेवढेही नसते, त्याच्याकडे फक्त ही कडी असते.

अर्थात बाहेरचा सुबकपणा पुरेसा नाही. खरी परीक्षा एकच, सांधा करवतीने उभा चिरून पाहणे. आत चांदीसारखा किंवा तांबूस थर सलग दिसला तर उत्तीर्ण. मधे काळे पट्टे आणि पोकळ्या दिसल्या तर नापास. ही परीक्षा कोणालाही, कोणत्याही शेडमध्ये घेता येते. हजार रुपयांचे यंत्रही लागत नाही.

पाइपाच्या आत काय घडते?

बाहेरून सुंदर दिसणारा सांधाही यंत्रणेचा घात करू शकतो. तांबे ७००-८०० अंशांना तापते तेव्हा पाइपातल्या हवेतला ऑक्सिजन आतल्या भिंतीवर काळी खपली तयार करतो. गॅस फिरू लागला की ती खपली सुटते, तेलात मिसळते, फिल्टरमध्ये आणि केसासारख्या बारीक कॅपिलरी नळीत अडकते. काही महिन्यांनी ‘कूलिंग कमी’ची तक्रार येते आणि दोष कॉम्प्रेसरवर ढकलला जातो.

उपाय जुना आणि सोपा आहे. झाळताना पाइपातून कोरड्या नायट्रोजनची मंद झुळूक सोडायची. हवा हटते, खपली धरत नाही, पाइप आतून गुलाबी राहतो. नंतर त्याच नायट्रोजनने दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती तपासता येते. त्यानंतर व्हॅक्युम पंपाने हवा आणि ओल ओढून काढायची, तीही साध्या गेजवर अंदाजाने नव्हे, तर मायक्रॉन गेजवर ५०० च्या आसपास येऊन टिकेपर्यंत.

मेकॅनिकांची इथली अडचण खरी आहे. नायट्रोजनचा सिलिंडर जड असतो, मोटारसायकलवर नेणे कठीण. त्यात वेळ जातो आणि ग्राहक त्या वेळेचे पैसे द्यायला तयार नसतो. शेजारचा दुसरा माणूस अर्ध्या पैशांत, अर्ध्या तासात गॅस भरून देतो. प्रामाणिक काम महाग ठरते आणि बाजारातून बाहेर फेकले जाते. म्हणूनच हा प्रश्न एकट्या कारागिराच्या सचोटीचा उरत नाही.

जीव कशाने जातो?

या कामात काही चुका दुसऱ्यांदा करायची संधी देत नाहीत. त्या पहिल्या दिवशी, ज्योत हातात देण्याआधी शिकवल्या पाहिजेत.

गॅस भरलेल्या किंवा दाबाखालच्या पाइपावर ज्योत धरायची नाही. जुन्या आर-२२ सारखा क्लोरीनयुक्त गॅस ज्योतीत गेला की विषारी वायू तयार होतात. नवा आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. नव्या फ्रिजमधला आर-६०० ए आणि काही एसींतला आर-२९० म्हणजे आयसोब्युटेन आणि प्रोपेन, थेट पेट घेणारे. आधी गॅस काढायचा, नायट्रोजनने धुवायचे, खिडक्या उघडायच्या, मगच ज्योत.

दाब तपासायला ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही. कॉम्प्रेसरमधले तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. ब्रेझिंगच्या सेटमध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर हाताशी असतो, त्यामुळे हा मोह होऊ शकतो. तो जीवघेणा आहे. स्वस्त सळयांपैकी काहींत कॅडमियम असते. त्याचा धूर फुप्फुसांना अपाय करतो. खोक्यावर तसे लिहिले असेल तर ती सळई परत करावी.

हवेत गेलेल्या गॅसचा हिशेबही मोठा आहे. एक किलो आर-२२ हवेत सुटला तर त्याची उष्णता धरण्याची ताकद १८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी असते, आर-४१० ए ची २०८८ किलो, आर-३२ ची ६७५ किलो. दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाला तापमानवाढ म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

शिकवण्यात नेमके काय बदलायला हवे?

सरकारला या कामाचे महत्त्व माहीत नाही असे नाही. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये आणलेल्या ‘इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन’मध्ये २०२२-२३ पर्यंत एक लाख सेवा तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. आरसेटीमध्ये मोफत अल्पमुदतीचे वर्ग असतात. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले. केंद्रांची संख्या मोजली जाते, प्रवेश मोजले जातात, प्रमाणपत्रे मोजली जातात. एका मुलाने किती सांधे झाळले, हे मात्र मोजले जायला हवे.

हातकामाचे शिक्षण तासांत मोजून उपयोग नाही. वीस जणांच्या वर्गात गुरुजींनी एक सांधा करून दाखवला आणि दोघांनी हात लावून पाहिला, तर हजेरीपटावर वीस जण शिकले आणि प्रत्यक्षात कोणीच शिकले नाही. यामागे मुख्य कारण तांब्याची किंमत असते. मे २०२४ मध्ये लंडनच्या धातूबाजारात तांबे टनाला १० हजार डॉलरच्या वर गेले होते. एवढा महाग माल शिकाऊ हातात द्यायला संस्था कचरतात.

पण हिशेब मांडला तर ही भीती फुगवलेली आहे. तीन सुताचा, ०.८ मिलिमीटर जाडीचा ३ मीटर पाइप भरतो सुमारे ६०० ग्रॅम. त्याचे १० सेंटीमीटरचे ३० तुकडे होतात, म्हणजे १५ सांधे. एका मुलाला ६० सांधे करायला द्यायचे तर सुमारे अडीच किलो तांबे लागेल. ते तांबे जळून जात नाही. चिरून तपासलेले तुकडे भंगारात वजनावर विकता येतात आणि मोडीच्या तांब्याला चांगला भाव असतो. खरा खर्च उरतो तो नव्या आणि भंगार मालाच्या भावातला फरक, सळई आणि गॅस. एका तरुणाला आयुष्यभराचे कसब देण्यासाठी हा खर्च फार नाही.

म्हणून मागणी नेमकी असावी. प्रत्येक प्रशिक्षणार्थीच्या नावावर सांध्यांची किमान संख्या लिहून ठेवावी: आडवे, उभे आणि भिंतीलगतचे, कारण प्रत्यक्ष काम टेबलावर होत नाही. परीक्षेत प्रश्नपत्रिकेइतकेच गुण चिरलेल्या सांध्याला द्यावेत. नायट्रोजनशिवाय केलेला सांधा आपोआप नापास धरावा. आणि हंगाम पाहून वर्ग भरवावेत. ऊसतोडीहून परतलेल्या माणसाला ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या वर्गाचा काय उपयोग?

आणखी एक गोष्ट. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. झाळकामाला ताकदीपेक्षा स्थिर हात आणि बारीक नजर लागते. महिलांना शिवणकाम आणि ब्युटी पार्लरपलीकडचे प्रशिक्षण द्यायचे असेल तर हा विषय यादीत वरच्या जागी असायला हरकत नाही.

याने सगळे प्रश्न सुटतील का?

नाही. नारायणगडाच्या आसपासची प्रत्येक वाडी एसी मेकॅनिकांनी भरली तर त्यांनाही काम पुरणार नाही. पाणी, शेतमालाचा भाव आणि ऊसतोड मजुरांची उचल हे प्रश्न ज्योतीने झाळता येत नाहीत. ‘कौशल्य शिका’ असे सांगून सरकारने नोकरीच्या जबाबदारीतून अंग काढून घेऊ नये, ही टीकाही रास्त आहे.

तरीही दर हंगामाला घर सोडून फडावर जाणे आणि तालुक्याच्या गावी स्वतःच्या हत्यारांवर चार पैसे कमावणे यांत मोठा फरक आहे. दहा गावांमागे एक असा कारागीर असला, की ज्याचा सांधा गळत नाही, तर दूध केंद्राला बीड किंवा अहिल्यानगरहून माणूस बोलवावा लागणार नाही आणि लशींच्या फ्रिजसाठी चार दिवस थांबावे लागणार नाही.

ग्राहकाच्या हातातही थोडी किल्ली आहे. पुढच्या वेळी ‘गॅस भरू का?’ असे कोणी विचारले तर उलट विचारावे: गळती कुठे आहे ते दाखवता का? झाळताना नायट्रोजन लावणार का? व्हॅक्युम किती वेळ करणार? या तीन प्रश्नांची नीट उत्तरे देणाऱ्याला शे-दोनशे रुपये जास्त द्यावे लागले तरी द्यावेत. दुसऱ्या उन्हाळ्यात ते वाचतात. आणि ज्याला हे काम शिकायचे आहे त्याने पहिला सांधा कोणाच्या एसीवर करू नये. मोडीतला पाइप घ्यावा, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, मोकळ्या हवेत झाळावा आणि करवतीने चिरून आत पाहावे. सलग थर दिसेपर्यंत पुढचा तुकडा घ्यावा.